लोखंडाचे चणे खाणारी माणसं: मराठी शब्द सुचवा

सायंतारा
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अडलेय म्हणून लिहितेय.

लेक सातवीत आहे, मराठी माध्यमात. रोज रात्री मी तिला ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न' सांगते. इंग्रजी पुस्तक मांडीवर आणि तोंडाने मराठी, असा कारभार. सध्या पहिला भाग चालू आहे, २००६ साली आलेला 'द फायनल एम्पायर'.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या जगात आभाळातून राख पडते, सूर्य लाल दिसतो आणि रात्री दाट धुकं उतरतं. हजार वर्षं एकच सम्राट गादीवर आहे. काही मोजक्या लोकांना धातूचा कीस गिळून तो पोटात 'जाळता' येतो, आणि दर धातूचा गुण निराळा. लोखंड जाळलं की आसपासची धातूची वस्तू आपल्याकडे खेचता येते, पोलाद जाळलं की लांब लोटता येते. कथलाने डोळे-कान तिखट होतात. जस्ताने समोरच्याच्या भावना भडकवता येतात, पितळेने निववता येतात. काशाने कळतं की जवळपास कोणीतरी धातू जाळतंय, तांब्याने ते लपवता येतं. आणि प्यूटर नावाच्या मिश्रधातूने अंगात रेड्याचं बळ येतं.

आता अडचण. हे 'पुश' आणि 'पुल' मी दर वेळी वेगळंच काहीतरी म्हणते आणि लेक टोकते, "काल तू ढकलणं म्हणालीस." 'जाळणे' बरोबर वाटतं का? 'मिस्टबॉर्न'ला काय म्हणू? आणि प्यूटरला मराठीत शब्दच सापडत नाहीये. बाकी सगळे धातू आपल्या घरातले आणि हा एकटा परदेशी पाहुणा.

सासरे पलीकडच्या खोलीत झोपल्याचं सोंग करून ऐकत असतात. काल सकाळी चहा पिताना विचारलं, "काय गं, ते लोखंडाचे चणे खाणारे तटावरून खाली उतरले का?"

बिनपगारी_वाचक
मी पैला! आता वाचतो आणि मग लिहितो.

धातुसाधित
सदस्यनाम घेतल्यापासून अशा धाग्याची वाट बघत होतो. :)

'ओढ' आणि 'रेटा' म्हणा. लोखंडाची ओढ, पोलादाचा रेटा. दोन्ही नामं आहेत, क्रियापदं करायला 'ओढणे' आणि 'रेटणे' तयारच आहेत. शिवाय 'ओढ' म्हटलं की मनाची ओढही आत येते, ती फुकट.

'जाळणे' ठेवा. पोटात आग असते ही कल्पना आपल्याला नवी नाही, जठराग्नी काय दुसरं असतो? 'पचवणे' घेऊ नका, त्यात जोर नाही. "तिने पोलाद पचवलं आणि छपरावर झेपावली" यात ढेकर ऐकू येते.

अर्धवटराव
पुस्तकात हा कीस दारूच्या द्रावणात घालून छोट्या कुप्यांतून पितात ना? मग ते लोहासवच झालं की! आजीच्या फडताळात बाटली असायची, रोज जेवणानंतर दोन चमचे. आजी एकदाही छपरावर झेपावली नाही. अनुपान चुकत असणार.

बिनपगारी_वाचक
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! लोहासव!!

खडूस_काका
विरजण घालतो, राग मानू नका. मी हे असलं साहित्य थोडंफार चाळलंय आणि माझी तक्रार मूळ कल्पनेबद्दलच आहे. जादूला नियमावली कशाला? अमुक धातू अमुक ग्रॅम, अमुक अंतरावर अमुक परिणाम, मागच्या पानावर तक्ता. ही जादू की आयकराचं विवरणपत्र? लहानपणी गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असायचा. का असायचा, कसा गेला, कोणत्या कलमाखाली गेला, असलं कोणी विचारत नव्हतं. त्या 'असायचा'तच सगळी गंमत होती. समजावून सांगितलेली जादू म्हणजे पदार्थविज्ञानाचा तास.

घटोत्कच१
काका, पोपटाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पोपटाचा पाय मोडला की राक्षसाचा पाय मोडतो, हा नियमच आहे, आणि आपण तो आधी ऐकलेला असतो. म्हणून तर राजपुत्र पोपटाची मान धरतो तेव्हा आपण श्वास रोखतो.

आता माझ्या नावाची गोष्ट. इंद्राने कर्णाला शक्ती दिली ती एकदाच वापरायच्या अटीवर. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली आणि कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागली. पांडव रडतायत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय! अट माहीत नसेल तर कृष्ण तिथे निव्वळ निर्दय वाटेल. माहीत असेल तर अंगावर काटा येतो. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येतं, परत घेता येत नाही. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे तर वकिलाने लिहिलेला करारनामा, आणि नरसिंह म्हणजे त्यातली पळवाट. नियमांची जादू आपल्याला कोणी परदेशातून पाठवलेली नाही.

खडूस_काका
करारनामा मान्य. पण त्याला मागे तक्ता नव्हता.

मीरा_कुठेशी
@खडूस_काका, तुमचा मुद्दा सँडरसनने स्वतःच घेतलेला आहे. त्याचा एक गाजलेला नियम आहे. जादूने पेच सोडवायचा असेल तर वाचकाला ती जादू जितकी कळलेली असेल तितकाच तो पेच समाधानकारक सुटतो. म्हणजे जादू गूढ ठेवायला त्याची हरकत नाही, फक्त मग ऐनवेळी तीच वापरून नायकाला सोडवू नका. दुसरा नियम मला जास्त आवडतो: शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा महत्त्वाच्या. तो अमेरिकेत विद्यापीठात लेखन शिकवतो, त्याची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. मी भांडी घासताना अख्खी मालिका ऐकली. (भांडी स्टीलची, तेव्हा रेटा देता आला असता तर बरं झालं असतं.)

रेट्याच्या मर्यादा बघा कशा चोख आहेत. छातीतून निळसर रेषा निघतात, जवळच्या धातूपर्यंत. त्या रेषेवरच रेटायचं किंवा ओढायचं, डावं-उजवं काही नाही. आणि आपल्यापेक्षा जड वस्तूला रेटलं तर वस्तू जागची हलत नाही, आपणच मागे फेकले जातो. नाणं हवेत असेपर्यंत ते पळतं, जमिनीला टेकलं की आपण उडतो. न्यूटनचा तिसरा नियम, बाकी काही नाही. पण त्यातून गोष्टीतली ती नायिका पोरगी, विन, धुक्यात छपरांवरून उड्या घेत जाते तेव्हा मला कोणी विज्ञानाच्या तासाला बसवल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

सायंतारा
मीरा, अगदी अगदी! हाच भाग मी परवा सांगितला. विनला शिकवणारा टोळीचा म्होरक्या केल्सियर तिला शहराच्या तटावर नेतो आणि उडी मारायला लावतो, खाली टाकलेल्या नाण्याला रेटा देऊन वेग कमी करायचा. लेक म्हणाली, हे खोटं आहे, नाण्याने माणूस कसा तोलला जाईल? मग आम्ही प्रयोग केला. नवऱ्याची चाकांची खुर्ची घेतली, तिला बसवलं, आधी पाण्याचा रिकामा पिंप ढकलायला सांगितला. पिंप गेला, खुर्ची जेमतेम हलली. मग गोदरेजचं कपाट ढकलायला सांगितलं. कपाट ढिम्म, ही सुसाट मागे, थेट देव्हाऱ्यापर्यंत. समई पडली (विझलेली होती, नशीब). पलीकडून आवाज आला, "उतरली वाटतं तटावरून!"

'ओढ' आणि 'रेटा' पसंत. लेकीने वहीत लिहून ठेवलेत, आता बदलायची सोय नाही.

तांबटनात
इथे थोडं लांबण लावतो. आमचे आजोबा पुण्याच्या तांबट आळीतले. बंब, घंगाळी, पातेली घडवायचे. मठारकामाची ठकठक इतकी अंगवळणी पडली होती की दुपारी ती थांबली की आजीला जाग यायची.

मी हे पुस्तक वाचलं ते धातूंच्या जोड्यांसाठी. लेखकाने शुद्ध धातू आणि त्याचा मिश्रधातू अशा जोड्या लावल्यात, शुद्ध धातू ओढतो आणि मिश्रधातू रेटतो. लोखंड आणि पोलाद. जस्त आणि पितळ. तांबं आणि कासं. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, कासं म्हणजे तांबं अधिक कथील, हे आमच्या घरात शाळेत जायच्या आधी पाठ व्हायचं. त्यामुळे विन ज्या गोष्टी नव्याने शिकत होती त्या मी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या होत्या. फक्त आजोबा गिळायला सांगत नव्हते.

पुस्तकात आहे ना, मिश्रणाचं प्रमाण चुकलं की तो धातू जाळणारा आजारी पडतो, प्रसंगी मरतो? ते वाचताना मला कल्हई आठवली. भात्याने निखारे फुलवायचे, भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका हातासरशी फिरवायचं. काळंनिळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं होतं. हात सावकाश फिरला की गुठळ्या. आता त्यातली लबाडी: कथील महाग, शिसं स्वस्त. काही जण शिसं मिसळायचे. दिसायला तसंच, पण त्या भांड्यातलं आंबट वरण पोटात गेलं की विष. आजोबा कांडी वाकवून कानाशी धरायचे. शुद्ध कथील वाकताना करकरतं, शिसं मिसळलं की आवाज मरतो.

जाता जाता, 'पितळ उघडं पडलं' म्हणतात तेसुद्धा कल्हई उडाल्यावरच.

अर्धवटराव
__/\__ तांबटनात, वेगळा लेख पाडा यावर. धाग्याचं सोनं केलंत. किंवा कासं.

मीरा_कुठेशी
पितळ उघडं पडलं! अहो, पुस्तकात पितळ जाळून लोकांची मनं निववणारा तो ब्रीझ आहे ना, काठी आणि मद्याचा पेला घेऊन फिरणारा, त्याला विन पहिल्यांदा ओळखते तो प्रसंग याच वाक्याने सांगा. मूळ लेखकालाही ही कोटी करता आली नसती.

राखाडी
मला जादूपेक्षा राखच लक्षात राहिली. माझं बालपण औष्णिक वीजकेंद्राजवळच्या वसाहतीत गेलं. वारा आमच्या बाजूला असला की दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मग घडी घालायची. पापडाची वाळवण गच्चीवर घालायची तर वर जुनी नऊवारी पसरून. पुस्तकात नोकर रोज झाडूने राख लोटतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, झाडं तपकिरी असतात आणि फुलं कशी असतात ते कोणाला ठाऊक नसतं. केल्सियरच्या बायकोने जपलेलं फुलाचं चित्र निघतं तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. बाकी नियम वगैरे तुम्ही बोला.

बिनपगारी_वाचक
वाचून आलो. तिन्ही भाग वाचलेत मी, २००८ च्या तिसऱ्या भागात तर ती राख आणि धुकं का हे कळतं तेव्हा हादरायला होतं, कारण मुळात तो सम्राट म्हणजे

(संपादित: चूक झाली. माफी.)

सायंतारा
अहो!!! लेक शेजारी बसून वाचतेय. "तो सम्राट म्हणजे काय?" हे आता तासाभरात सहाव्यांदा विचारून झालं.

धातुसाधित
'बिनपगारी'लाही आता पगार कापायची वेळ आली.

वैदेही_र
सायंतारा, एक विचारू का, टोकायचं म्हणून नाही. सुरुवातीलाच सरदार कष्टकरी स्का बायकांवर अत्याचार करतात आणि नंतर मारून टाकतात, त्याचा उल्लेख आहे. सातवीतल्या मुलीला? माझी भाची नववीत आहे आणि मी अजून दिलेलं नाही.

सायंतारा
वैदेही, रास्त प्रश्न. ते मी गाळलं नाही, पण "उचलून नेतात आणि परत येत नाहीत" एवढंच सांगितलं. ती गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे मारतात." तोंडी सांगण्याचा हाच फायदा, चाळणी माझ्या हातात राहते. पुढे स्वतः वाचेल तेव्हा मोठी झालेली असेल. तुमचं थांबणंही चूक नाही.

वैदेही_र
बरोबर. माझी दुसरी तक्रार लेखकावर. केल्सियरची सगळी टोळी पुरुषांची, त्यात विन एकटी पोरगी. इतक्या बारकाईने धातूंचा हिशेब मांडणाऱ्याला टोळीत अजून एक बाई सापडू नये?

मीरा_कुठेशी
+१. नंतरच्या पुस्तकांत सुधारलंय, पण पहिल्या भागापुरतं हे खरंच आहे.

अर्धवटराव
बारश्याकडे वळूया का? आठही मूळ धातू येतो तो मिस्टबॉर्न. एकच येतो तो मिस्टिंग. मिस्टिंग म्हणजे सरळ बलुतेदार हो! एक धातू, एक धंदा. माझी यादी: नाणी मारणारा तो 'नाणेफेक्या', लोखंडवाला 'ओढ्या', जस्तवाला 'काडीलाव्या', पितळवाला 'लोणीलाव्या', तांबेवाला 'धूरकरी'. कथीलवाल्याला 'कानोसा'. कासं जाळून इतरांना हुडकणारा तो आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा, त्याला नाव नको, वर्णन पुरे.

घटोत्कच१
'लोणीलाव्या' ज ब री!! काशावाल्याला 'पारखी' म्हणा. आणि मिस्टबॉर्नला 'धुकेजात'.

धातुसाधित
'धुकेजात' नको, जातीचा वास येतो, आणि गोष्ट नेमकी त्याच्याविरुद्ध आहे. धुक्यात जन्मली ती 'धुकेजा'. गिरिजा, जलजा, तशी. पुरुषाला 'धुकेज'. व्याकरणात बसत नाही हे मला माहीत आहे (धुकं देशी, 'ज' संस्कृत), पण कानाला गोड आहे आणि मी सुट्टीवर आहे.

सायंतारा
धुकेजा! लेकीने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव खोडून तेच लिहिलंय.

कर्जतकर_इंजिनिअर
पुढच्या मालिकेबद्दल कोणीच बोललं नाही. त्याच जगात साधारण तीनशे वर्षांनंतर आगगाड्या, बंदुका, वीज येते, आणि जादू तीच. २०११ ला पहिलं, 'द अलॉय ऑफ लॉ', २०२२ ला चौथं आणि शेवटचं. त्यात अॅल्युमिनियमवर कोणाचाच रेटा चालत नाही. म्हणून लोक टोपीला आतून अॅल्युमिनियमचं अस्तर लावतात, भावनांवर कोणी हात फिरवू नये म्हणून.

आणि धातू जाळण्याशिवाय धातूत साठवण्याचीही एक विद्या आहे. पुस्तकातल्या टेरिस प्रांतातला सेझ्ड नावाचा माणूस ती करतो. आठवडाभर अशक्त राहून ताकद हातातल्या धातूच्या कड्यात साठवायची आणि गरजेला एका मिनिटात खर्चायची. व्याज शून्य, पण मुद्दल सुरक्षित.

अर्धवटराव
म्हणजे भिशी. आणि आईची हिंडालियमची कढई डोक्यावर घातली की बायकोच्या भावनांचा परिणाम होणार नाही. करून बघतो.

अर्धवटराव
परिणाम झाला. कढई जप्त.

मीरा_कुठेशी
:हाहा: या माणसाच्या वाचकांचं वेडही काही कमी नाही. २०२२ मध्ये त्याने करोनाच्या काळात गुपचूप चार कादंबऱ्या लिहिल्याचं जाहीर केलं आणि वाचकांकडे आगाऊ पैसे मागितले. मागितले दहा लाख डॉलर. महिनाभरात ४ कोटी १७ लाख जमले, १ लाख ८५ हजारांहून जास्त लोकांकडून. आपल्याकडे दिवाळी अंकाची आगाऊ वर्गणी भरायला दहा वेळा आठवण करावी लागते.

खडूस_काका
धागा वाचून मुलाच्या मोबाईलवर सव्वाशे पानं वाचली. नोंदवून ठेवतो की मत बदललेलं नाही. हाणामाऱ्यांत नाणं इकडे, खिळा तिकडे, मी जमाखर्च तपासतोय असं वाटतं. भाषा सपाट, एकही वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं नाही. पण तो ब्रीझ. बसल्या जागी कोणाला कळू न देता हवेत बोट फिरवल्यासारखं करायचं आणि समोरचा स्वतःहून उठून पेला भरून आणतो. आमच्या कचेरीत असे एक साहेब होते. पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि एकदाही हक्काची रजा मागायला गेलो तो रजा घेऊन परत आलो नाही, उलट एक जादा फाईल घेऊन यायचो. आणि खुशीत यायचो! आज कळलं, ते पितळ होतं.

पुढचं वाचतोय ते केवळ त्यांच्यासाठी.

घटोत्कच१
काका लोणीलावे निघाले.

रेडिओवाला
उशिरा आलो. सगळं वाचलं, पण मूळ धाग्यातला चौथा प्रश्न तसाच राहिलाय हो. प्यूटर! प्यूटर म्हणजे जुन्या पद्धतीचं कथील अधिक शिसं. पुस्तकातली जोडीही तीच, कथील आणि प्यूटर. तांबटनातांनी सांगितलेली कल्हईतली लबाडी म्हणजे जवळजवळ प्यूटरच झालं. पण मराठीत याला रोजचा शब्द आहे. आम्ही रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा तार जोडायला जे वितळवायचो, ते कथील आणि शिसंच. त्याला झाळ म्हणतात. झाळणे, झाळकाम. प्रमाण वेगळं असेल, घराणं एकच. आणि प्यूटर अंगात भिनल्यावर मोडलेला माणूससुद्धा काही काळ जोडल्यासारखा उभा राहतो ना? तेच काम झाळीचं.

तांबटनात
वा! माझ्या डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही. आजोबांनी कान धरला असता.

सायंतारा
रेडिओवाले काका, साष्टांग. काल रात्री सांगितलं, "विनने झाळ जाळली." लेक म्हणाली, परत म्हण. "झाळ जाळली." मग तिने म्हणून बघितलं. जाळ झाळली. झाळ झाळली. जाळ जाळली. वीस मिनिटं तेच. गोष्ट अर्ध्या पानापुढे सरकली नाही. शेवटी सासरे उठून आले, टेबलाच्या खणातून जुन्या सोल्डरच्या तारेचं भेंडोळं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही झाळ. गिळायची नाही." आणि सोंग सोडून तिथेच पलंगाच्या कडेला बसले.

आता रोज खुर्ची लागते त्यांना. चाकांची नको म्हणतात.

बिनपगारी_वाचक
आजोबांना सांगा, तो सम्राट म्हणजे

(संपादित: गंमत केली.)